स्वेटरवर तीनताल: आपली खूण असलेला हाफ स्वेटर कसा विणायचा

सुलट-उलट टाका येतो, एखादा मफलर विणून झालाय आणि आता स्वतःसाठी असं काहीतरी करायचंय की ओळखीच्या माणसाने लांबून बघून म्हणावं "ही तीच", त्यांच्यासाठी हे लिहितेय. ज्यांना टाके घालायलाही येत नाहीत त्यांनी आधी शेजारच्या एखाद्या काकूंना धरावं, आमच्या ग्वाल्हेरमध्ये अशी काकू नसलेली गल्ली शोधावी लागेल. व्हिडिओ बघूनही येतं म्हणा, पण लोकर बोटावर किती ताणून धरायची ते शेजारी बसून बघितल्यावरच हातात बसतं.

पहिला कपडा म्हणून मी हाफ स्वेटरच सांगते. बाह्या नाहीत म्हणजे निम्मं काम आणि निम्मा कंटाळा कमी, आणि इथल्या हवेला तो बरोबर बसतो. जानेवारीत सकाळी दाट धुकं, पारा कधीकधी ५ च्याही खाली, आणि दुपारी ऊन पडलं की अंगातलं काढावंसं वाटतं, मग शर्टवर हाफ स्वेटर आणि वरून शाल, झालं.

आता आपली खूण म्हणजे काय घ्यायची? इथे बहुतेक जण घसरतात, मोबाइलवर दिसलेलं बर्फाच्या चांदण्यांचं आणि हरणांचं डिझाइन उचलतात, आता आमच्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागात बर्फ कुठला आणि तसली हरणं कुठली! दुसरे असतात ते एकाच स्वेटरवर किल्ला, तानसेन, नाव, जन्मतारीख सगळं बसवायला बघतात, तो स्वेटर राहत नाही, प्रदर्शन होतं. माझं मत सरळ आहे, एका स्वेटरवर एकच गोष्ट, आणि ती अशी की जी तुमच्या रोजच्या जगण्यात खरंच आहे. आजी दारात ठिपक्यांची रांगोळी काढायची तर ती रांगोळी, ठिपके म्हणजे आयता ग्राफच आहे. घरात महेश्वरी साड्या असतील तर त्यांचा काठ खाली बॉर्डरच्या वर. घरात गाणं-वाजवणं असेल तर ताल. आणि ही खूण सगळ्यांना कळलीच पाहिजे असं काही नाही, माझ्या मते तर ज्याला कळायची त्यालाच कळली तर जास्त मजा.

तिकडे विलायतेत हे जुनं आहे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे कोळी जे घट्ट विणीचे निळे स्वेटर घालायचे त्यात खालच्या बॉर्डरच्या वर मालकाच्या नावाची अक्षरं सुलट-उलट टाक्यांनी विणलेली असायची, स्कॉटलंडमधल्या सँकर गावच्या हातमोज्यांवर तर मनगटापाशी अक्षरं विणायची पद्धत आजही आहे. मात्र आयर्लंडच्या अरन बेटांवर प्रत्येक घराण्याची वीण वेगळी असायची आणि बुडालेला माणूस त्यावरून ओळखायचे, ही जी गोष्ट सगळीकडे फिरते ती नंतर रचलेली आहे, स्वेटर विकायला चांगली पडते म्हणून टिकली. तेव्हा घराण्याची अस्सल वीण कुठली हे शोधत बसू नका, आपली आपण ठरवायची.

अजून एक गोष्ट, जिच्याकडे कोणी खूण म्हणून बघतच नाही, ती म्हणजे माप आणि बेत. रोज साडी नेसणाऱ्या बाईचा स्वेटर कमरेपर्यंतच हवा, २० इंच लांबी पुष्कळ झाली, नाहीतर निऱ्यांपाशी फुगतो आणि पदर आत घ्यायचा की बाहेर हा घोळ दिवसभर चालतो. साडीवर पुढून उघडा बरा, डोक्यावरून घालताना अंबाडा विस्कटत नाही. ज्यांचा खांदा आखडलाय त्यांनाही पुढून उघडाच. दुकानातल्या स्वेटरला हे काही माहीत नसतं. मी खाली देतेय ते माप शर्ट-कुर्त्यावर डोक्यावरून घालायच्या, व्ही गळ्याच्या स्वेटरचं आहे, छाती ३६ इंच धरून.

सामान घ्यायला ग्वाल्हेरच्या बाड्यावरच्या बाजारात जा, दुकानदार हिंदीत सुयांना सलाई आणि टाक्यांना फंदे म्हणेल, तेवढं माहीत असू द्या. लोकर डबल निटिंग जाडीची मागा, फार बारीक घेतली तर पुढची होळी येईल. ॲक्रिलिक धुवायला सोपी आणि पहिल्या स्वेटरला चांगली, उबेला खरी लोकर किंवा मिक्स चांगली पण ती थोडी टोचते, गळ्याला लावून बघूनच घ्या. हाफ स्वेटरला ३०० ग्रॅम घेऊन ठेवा, थोडी उरेल, आणि लोकरीच्या सगळ्या गुंड्यांवरच्या कागदी पट्टीवरचा लॉट नंबर एकच आहे ना हे दुकानातच बघा. एकाच रंगाचे दोन लॉट ट्यूबलाइटखाली सारखे दिसतात आणि उन्हात गेलं की छातीवर रेघ मारल्यासारखे वेगळे. रंग मध्यम किंवा फिका घ्या, काळ्या-गडद निळ्यावर वीण दिसत नाही, सगळी मेहनत पाण्यात.

सुया दोन जोड, बॉर्डरला १० नंबर आणि अंगाला ८ नंबर. आपल्याकडे नंबर मोठा तितकी सुई बारीक, १० म्हणजे सव्वातीन मिलिमीटर आणि ८ म्हणजे ४ मिलिमीटर, इंटरनेटवरचं पॅटर्न बघून सुया घेताना मिलिमीटरच सांगा म्हणजे घोटाळा नाही. शिवाय मोठ्या नेढ्याची बोथट सुई, टेप, ग्राफची वही आणि खुणेला रंगीत दोऱ्याची वेटोळी. प्लास्टिकच्या महागड्या खुणा नकोत.

आता नमुना. हो, विणायलाच पाहिजे. ८ नंबरवर ३० टाके घालून एक ओळ सुलट एक ओळ उलट असा पाच इंचाचा चौकोन विणा, धुवा, सपाट वाळवा आणि मगच मधल्या चार इंचात किती टाके आणि किती ओळी येतात ते मोजा. या लोकरीला साधारण २२ टाके आणि ३० ओळी येतात, म्हणजे इंचाला साडेपाच टाके, साडेसात ओळी. तुमचे २४ आले तर हात घट्ट आहे, ७ नंबरची सुई घ्या, २० आले तर ९ नंबरची. हात मुद्दाम सैल-घट्ट करायला जाऊ नका, चार ओळींनी तो मूळ पदावर येतोच.

हिशोब असा. छाती ३६, शर्टवरून आरामात बसायला साधारण ५ इंच जास्त, म्हणजे ४१, त्याचं निम्मं साडेवीसच्या आसपास, गुणिले साडेपाच, येतात ११३. मी ११४ घेते आणि त्याला कारण आहे. दोन्ही कडेचा एकेक टाका शिवणीत जातो, उरले ११२, आणि ११२ ला १६ ने भाग जातो, १४ ने जातो, ७ नेही जातो. डिझाइन बसवायला असा आकडा मिळाला की सोडायचा नाही.

आधी पाठ विणा. ती साधी असते आणि तोवर हात बसतो. १० नंबरवर ११४ टाके, एक सुलट एक उलट अशी अडीच इंच बॉर्डर, मग ८ नंबरवर येऊन एक ओळ सुलट एक ओळ उलट, खालपासून साडेचौदा इंच होईपर्यंत. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घ्या, कड सरळ येते. मग काख, दोन्ही बाजूंनी ६-६ टाके बंद, त्यानंतर एकाआड एक ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका कमी, असं ९ वेळा, राहिले ८४. काखेपासून साडेनऊ इंच झालं की खांदे, प्रत्येक खांद्याला २४ टाके, ते एकदम बंद न करता ८-८ करत तीन टप्प्यांत बंद करा म्हणजे खांद्याला उतार येतो. मधले ३६ दोऱ्यात ओवून ठेवा, गळ्याला लागतील.

आता पुढची बाजू. टाके आणि बॉर्डर पाठीसारखीच, ताल बॉर्डरच्या वर. माझा भाचा तबला शिकतो, त्याच्यासाठी बसवलेलं हे डिझाइन, एकाच रंगात होतं आणि नव्या माणसालाही जमतं. तीनतालाच्या १६ मात्रा, म्हणजे मोजायचे ठोके, टाळी १, ५ आणि १३ वर, आणि 'खाली', म्हणजे टाळी न देता हात रिकामा सोडायची जागा, ९ वर. प्रत्येक मात्रा म्हणजे एक टाका. टाळीच्या जागी सुलट जमिनीवर एक उलट टाका, तो दाण्यासारखा वर येतो, हाताला लागतो. आणि खालीच्या जागी जाळीचं भोक! लोकर पुढे घ्यायची आणि पुढचे दोन टाके एकत्र सुलट विणायचे, एक टाका वाढला एक कमी झाला, हिशोब तेवढाच, आणि मध्ये छोटं भोक.

पण थांबा, आपण सुईवर उजवीकडून डावीकडे विणतो आणि बघणारा वाचतो डावीकडून, म्हणून १६ वी मात्रा आधी विणायची आणि सम, म्हणजे पहिली मात्रा, शेवटी. ओळ अशी येते, कडेचा एक टाका, मग ३ सुलट, १ उलट, ३ सुलट, लोकर पुढे घेऊन २ एकत्र सुलट, २ सुलट, १ उलट, ३ सुलट, १ उलट. हे झाले १६. असं सात वेळा, शेवटी कडेचा एक. सात आवर्तनं, म्हणजे तालाचे सात पूर्ण फेरे, छातीवर! मागच्या बाजूची ओळ सगळी उलट, त्यानंतर एक साधी सुलट, एक साधी उलट, आणि मग परत तालाची ओळ, म्हणजे दर चौथ्या ओळीला ताल. टाळीखाली टाळी आणि खालीखाली खाली येत जाते, लांबून नुसत्या ठिपक्यांच्या उभ्या रेघा दिसतात, जवळून बघणारा मोजायला लागतो. भाच्याने घातल्या घातल्या विचारलं, "मावशी, खाली कुठाय?" म्हटलं, "भोक दिसतंय ना, गार वारा लागेल तिथे." कुठलाही ताल चालतो. तिलवाडाही १६ चाच आणि टाळ्या-खालीही तिथेच, त्यामुळे ग्वाल्हेर घराण्याचं कोणी भेटलं तर हा तिलवाडा आहे म्हणून खुशाल सांगा, कोणी खोटं ठरवू शकणार नाही. रूपक ७ चा, त्याची तर समच खालीवर, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्राच भोक, टाळ्या ४ आणि ६ वर, आणि ११२ मध्ये तो १६ वेळा बसतो. झपतालाला १० चा गट लागतो, मग टाके ११२ घाला, ११० अधिक कडेचे दोन.

ज्यांना चित्र आणि रंगच हवेत त्यांच्यासाठी माझा सल्ला बदकांचा. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मानमंदिर महालाच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या टाइल्सच्या पट्टीत पिवळ्या बदकांची रांग आहे, राजा मानसिंह तोमरांच्या काळातली, म्हणजे १४८६ ते १५१६ मधली. शाळेच्या ट्रिपला आपण सगळ्यांनी बघितलीय आणि हत्ती-मगरींच्या नादात विसरलोय. टाइल म्हणजे चौकोन, चौकोन म्हणजे टाका, यापेक्षा सोपं काय. १४ टाक्यांत एक बदक आणि मधली जागा, छातीवर आठ बदकं. अंग ७ घरं रुंद आणि ४ घरं उंच, शेपटीचं एक घर मागे वर उचललेलं, मान २ घरं रुंद ३ उंच, डोकं ३ घरं आणि चोचीचं एक, ते शेवटी सुईने भरायचं. एकूण १०-११ ओळी, म्हणजे दीड इंचाची पट्टी. याहून मोठं करू नका.

दोन रंग चालवताना जो रंग पुढे दिसत नाही तो मागून आडवा जातो. अंगाच्या ओळीत ७ पिवळे ७ निळे, मानेच्या ओळीत तर २ पिवळे आणि १२ निळे, एवढा लांब धागा मागे लोंबता राहिला की घालताना बोटं अडकतात, म्हणून दर चौथ्या टाक्याला मागचा धागा चालू धाग्याखालून अडकवून घ्या. ओढून घ्यायचा नाही, विणलेले टाके सुईवर पसरवून मगच रंग बदला, नाहीतर पट्टीपाशी स्वेटर आखडतो. तेवढ्या ओळींना ७ नंबरची सुई वापरलीत तर अजून बरं. ही पद्धत शेटलंडच्या फेअर आयल बेटाच्या नावाने प्रसिद्ध आहे, तिथलाही दंडक हाच की एका ओळीत दोनच रंग. १९२० च्या दशकात इंग्लंडच्या युवराजाने असा स्वेटर घालून गोल्फ खेळायला सुरुवात केली आणि तिकडे त्याची फॅशन आली. हाच प्रिन्स ऑफ वेल्स फेब्रुवारी १९२२ मध्ये ग्वाल्हेरलाही पाहुणा येऊन गेला होता, बदकं बघितली की नाही कोण जाणे.

आणि नाव? पूर्ण नाव नको, एक अक्षर पुरे. ते विणायच्या भानगडीतही पडू नका, स्वेटर पूर्ण झाल्यावर बोथट सुईत दुसऱ्या रंगाची लोकर ओवून टाक्यावर टाका भरा. सुलट टाका व्हीसारखा दिसतो, व्हीच्या टोकातून सुई वर काढायची, वरच्या टाक्याच्या दोन्ही पायांमागून न्यायची आणि परत त्याच टोकात खाली, विणल्यासारखंच दिसतं आणि आवडलं नाही तर उसवता येतं. ग्राफ काढताना मात्र एक लक्षात ठेवा, टाका चौरस नसतो, आडवा जास्त आणि उभा कमी असतो, त्यामुळे चौरस कागदावर छान दिसणारं अक्षर स्वेटरवर बसकं येतं. ३ घरं आडवी असतील तिथे ४ उभी धरा. देवनागरीत शिरोरेषा दोन ओळींची घ्या, एका ओळीची फार बारीक दिसते, काना एका टाक्याचा चालतो. म, न, ग, प ही अक्षरं आज्ञाधारक, ठ आणि ळ ची गोलाई बसवायला निदान १२ घरं रुंदी लागते, आणि जोडाक्षराच्या वाट्याला जाऊच नका, ज्ञानेश्वर असाल तर शेवटचा र घ्या.

परत पुढच्या बाजूकडे. साडेचौदा इंचाला काखेचे ६-६ टाके बंद केले की १०२ राहतात, तिथेच मध्ये दोन भाग करा, ५१-५१. एक भाग दोऱ्यावर ठेवून एकच विणा. काखेकडे पाठीसारखेच ९ टाके कमी होतील आणि गळ्याकडे १८, त्यातले पहिले ६ एकाआड एक ओळीला, उरलेले १२ दर चौथ्या ओळीला, शेवटी खांद्याला २४ उरले पाहिजेत, पाठीएवढेच. टाके कमी होत असताना कडेला ताल अर्धवट येईल, तिथे भोकाला लागणारे दोन्ही टाके शिल्लक नसतील तर भोक करूच नका, साधं सुलट विणा, नाहीतर टाक्यांचा हिशोब बिघडतो. सुरुवातीला दर दोन-चार ओळींनी टाके मोजत जा, कंटाळवाणं आहे पण उसवण्यापेक्षा बरं.

दोन्ही खांदे जोडून गळ्याची पट्टी १० नंबरवर घ्या, कडेच्या चार ओळींतून तीन टाके उचलायचे, चारही उचलले तर पट्टी झालरीसारखी फुगते. व्हीच्या टोकाला दोन भागांमधला आडवा धागा उचलून एक टाका करा, तो मधला टाका, त्याला रंगीत दोरा बांधा आणि एकाआड एक ओळीला त्याच्या दोन्ही बाजूंचा एकेक टाका कमी करत जा म्हणजे टोक नीट बसतं. एक इंच पट्टी पुरे. टाके बंद करताना सैल हात ठेवा, डोकं आत जायचंय. काखेलाही तशीच पट्टी, मग बाजूच्या शिवणी, सुलट बाजू वर ठेवून, कडेचा एक टाका आत घेऊन.

पहिल्यांदा कोमट पाण्यात, केसांच्या शांपूचे दोन थेंब टाकून बुडवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट पसरा, टेपने माप बघत हाताने आकाराला आणा. दोरीवर लटकवलात तर लांबी दोन इंच वाढलीच समजा. ॲक्रिलिकला इस्त्री लावायची नाही, एकदा गरम इस्त्री फिरली की वीण मेल्यासारखी चपटी होते आणि तालाचे दाणे परत वर येत नाहीत. उरलेल्या लोकरीची गुंडी पट्टीसकट त्याच कप्प्यात टाकून ठेवा, कोपरा कधी उसवला तर त्या लॉटची लोकर दुकानात मिळत नसते.